शेवटच्या माणसाचा खांदा

फिरस्त्यांच्या मंडळाची नदीकाठची फेरी दुपारचा चहा आटोपून निघाली, तेव्हा आभाळ निरभ्र होतं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात सरांची हयात गेली, आणि या फेरीतही वर्षानुवर्षं सगळ्यांत पुढे तेच चालत. आता गुडघे कुरकुरू लागले, म्हणून पुढं चालणाऱ्याची काठी लेकीच्या हाती आली होती. आज तिची पहिलीच फेरी. सगळे सुखरूप पुलापाशी पोचले तर मंडळ तिचं. एखाद्याचाही पाय घसरला तर पुन्हा तिच्यामागे कुणी चालणार नाही, हे मंडळातल्या औषधवाल्यानं हसत हसत, पण सर्वांदेखत सांगून टाकलं होतं.

सर सगळ्यांत शेवटी चालणार हे कळल्यावर त्यानं आणखी एक टोला हाणला. "म्हणजे आज फुलांची तोंडी परीक्षा नाही. सुटली बिचारी."

सर हसले, पण नजर पुढेच होती. खंड्या पक्षी दाखवायला लेक बोट रोखत नव्हती. ती नुसती थांबे, आणि सगळ्यांच्या माना आपोआप त्या फांदीकडे वळत. रानतेरड्याची पिकलेली शेंग तिनं शिवणकामवाल्या बाईंच्या तळहातावर ठेवली. शेंग फट्कन उकलली, तशी ती साठीची बाई पोरीसारखी खिदळली. हे आपल्याला कधी सुचलं नाही, सरांच्या मनात आलं. आपण आयुष्यभर नुसती नावं सांगत राहिलो. ऊर भरून आला, आणि सवयीप्रमाणे लागलीच शंकाही आली. बांधावरच्या वाटेचा अरुंद तुकडा हिला जमेल ना?

तो तुकडा आला आणि त्याच्याबरोबर धुकंही आलं. नदीतून उठलं, आधी काठची पाणकणसं गिळली, मग माणसं. चिखलाचा आणि कुजक्या पानांचा वास दाटला. अशा वेळची मंडळाची रीत ठरलेली होती. बोलायचं नाही, पुढच्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चालत राहायचं. एका अंगाला खोल पाणी, दुसऱ्या अंगाला दलदल. एक ओरडला की सगळे दचकतात, आणि दचकलेल्याचा पाय वाट सोडतो. नदीनं आजवर पुष्कळांना नेलं होतं, काही तर सापडलेही नव्हते. पण मंडळाचं माणूस एकही नाही.

सरांनी शिवणकामवाल्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. कुठंतरी टिटवी ओरडू लागली. अंड्यांजवळून कुणी चाललं की ती ओरडते, ते लांब गेलं की गप्प होते. रांग पुढं सरकली. टिटवी गप्प झाली.

मग पुन्हा ओरडू लागली. त्यांच्या मागे.

कुत्रं असेल, सरांनी स्वतःला समजावलं. नाहीतर कोल्हा. पण चिखलातून पाऊल उपसल्याचा आवाज येत होता. चुबुक... आणि मग थोड्या वेळानं पुन्हा चुबुक... दोन पायांचा.

मग त्यांच्या डाव्या खांद्यावर हात आला.

दाबून नव्हे. नवख्या माणसानं रीत पाहून, संकोचत ठेवावा तसा. कोटातून गारवा आत झिरपला आणि पाण्याचा एक ओघळ पाठीवरून खाली गेला. एक किंकाळी ओठांपर्यंत आलीच होती. पण पुढं, धुक्याच्या दुसऱ्या टोकाला, लेकीच्या काठीचा ठोका पडत होता. ठाम, एका लयीत. सरांनी किंकाळी गिळली. बाईंच्या खांद्यावरचा हात होता तसाच हलका ठेवला.

तरी बाईंना काहीतरी जाणवलंच, आणि रीत मोडून त्या पुटपुटल्या, "सर... बरं वाटत नाही का?"

"चालत राहा," सर कुजबुजले. "माझी पोर नेतेय आपल्याला... चालत राहा."

पुलापाशी धुकं विरळ झालं. फेरी संपली की पुढारी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून "आलात" म्हणे. ज्याला म्हटलं तो मंडळाचा झाला. लेक रांगेतून मागे येऊ लागली. औषधवाल्यानं टोपी काढली आणि पुढच्या फेरीलाही मला घे म्हणाला, तेही सर्वांदेखत. मग बाई. मग सर. "आलात, बाबा."

आणि ती एक पाऊल आणखी मागे गेली, धुक्यात हात लांबवला आणि तितक्याच मायेनं म्हणाली, "आलात."

सरांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मागे वळून पाहायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

घरी जाताना सरांनी विचारलं, "ते... कुणाला म्हणालीस?"

"शेवटच्या माणसाला."

"शेवटचा मी होतो, चिमणे."

"आज तुम्ही नव्हतात, बाबा." ती समोर पाहतच चालत राहिली. "अगदी निथळत होते हो. कधीपासून वाट चुकले होते कुणास ठाऊक. पण रांग सोडली नाही त्यांनी. कुणाला मागं ठेवायचं नाही, हे तुमचंच ना?"

सरांना भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्याही वर दुसरंच काही होतं. आपल्याला जे कधी जमलं नसतं ते हिनं केलं. सरांची मान ताठ झाली.

लेकीनं घराचं दार उघडलं. सर आत आले, ओला कोट खुंटीला लावला आणि वळून पाहिलं. ती अजून उंबऱ्याशीच, बाजूला सरून, दार उघडं धरून उभी होती. एका माणसाला पायपुसण्यावर चिखल पुसून आत यायला लागतो, तितका वेळ.

मग तिनं दार लावून घेतलं.