कापूस लागला की ‘हो’ म्हण

ही गोष्ट खरी आहे. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे, कुणाच्या मावशीच्या नणंदेच्या बाबतीत नाही.

रात्र नव्हती. भुतं रात्रीच येतात असं ज्यानं ठरवलं, त्याला बहुतेक दुपारी झोपायची सवय असणार. लख्ख दुपार होती. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, आणि आमच्या कॉलेजची दुसऱ्या मजल्यावरची फिजिओलॉजीची लॅब.

कोपऱ्यात सांगाडा उभा होता, पण त्याच्याकडे बघू नका. तो प्लास्टिकचा आहे, आणि कुणाचं तरी हरवलेलं आयकार्ड पोरांनी त्याच्या गळ्यात घातलेलं आहे. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. शरीर कसं बनलंय आणि कसं चालतं, एवढंच पहिल्या वर्षी शिकवतात. बिघडलं तर काय करायचं, ते पुढच्या वर्षी.

बाबांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

मला रडू आलं नव्हतं. आत्या म्हणाली, “रडून मोकळी हो गं एकदाची.” मी प्रयत्न केला, जमलं नाही. जेवणाला चव लागायची नाही. चहा गरम आहे की गार, ते ओठ पोळल्यावर समजायचं. लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे, आणि मीच त्यांना पाणी आणून द्यायचे.

पुढचं समजायला बाबांबद्दल थोडं सांगावं लागेल.

बाबा शिंपी होते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथं मशीन आणि त्यांची लाकडी खुर्ची. खुर्चीत बसून कुणी पुढे वाकलं की ती वाजायची. कर्रर्र. जगाचे कपडे नीट करणाऱ्या माणसाला स्वतःच्या खुर्चीला दोन खिळे मारायला वेळ नव्हता. आई म्हणायची, “दिव्याखाली अंधार.”

सुई बोटात घुसू नये म्हणून शिंपी पत्र्याचं एक टोपण घालतात. बाबांच्या बोटात ते कायम असायचं. लहानपणी मी थापा मारायला लागले की ते बोट माझ्या ओठांवर ठेवायचे. गारगार लागायचं.

“थापाडे, ओठ शिवून टाकीन.”

ते टोपण त्यांच्या बोटातच गेलं. आईनं काढू दिलं नाही.

आजार चपलेपासून सुरू झाला. एका संध्याकाळी बाबा एकाच चपलेत घरी आले. दुसरी कोपऱ्यावर पायातून निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. आई म्हणाली, “दुसरी कुणाला दान केलीत का?” बाबाही हसले.

मग मशीनच्या पायट्यावरून पाय सरकायला लागला. पाय खाली आला तरी बाबांना वाटायचं, आपण मशीन चालवतोय.

नसांचा आजार निघाला. काही दिवस हॉस्पिटलात ठेवलं आणि घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “पायांचा बधिरपणा वर सरकायला लागला तर तडक घेऊन या. छातीपर्यंत पोचता कामा नये. रोज बघत जा.”

बघायचं कुणी? घरातली शिकलेली म्हणजे मी. कसं तपासायचं ते वरच्या वर्गातल्या मुलींकडून विचारून घेतलं आणि रोज कॉलेजहून आल्यावर सुरू केलं. बाबा आतल्या खोलीत पलंगावर. त्यांची खुर्ची मी शेजारी ओढलेली. हातात कापसाचा बोळा.

“डोळे मिटा. कापूस लागला की ‘हो’ म्हणा.”

“आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का माझं, डॉक्टरीणबाई?”

मी पुढे वाकायचे. कर्रर्र.

“हो.”

पुन्हा. कर्रर्र.

“हो.”

एकदासुद्धा चुकले नाहीत. आई दारात उभी असायची. “कळतंय ना गं त्यांना?” मी म्हणायचे, “कळतंय.”

आणि एका पहाटे त्यांना श्वास घेता येईना. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचलो नाही आम्ही.

आता पुन्हा त्या लॅबमध्ये या.

आमच्या मॅडमना सगळे टाचणी मॅडम म्हणायचे. त्यांच्या एप्रनला कायम टाचणी टोचलेली असायची, आणि जीभही त्याच जातीची. त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं स्पर्शाची तपासणी.

“पेशंट चांगला माणूस असतो, म्हणून खोटं बोलतो,” मॅडम म्हणाल्या. “त्याला तुम्हाला खूश करायचं असतं. डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात. तुमची बाही सळसळली, बूड हललं, की तो ‘हो’ म्हणतो. म्हणून मधेच एकदा नुसतं वाकायचं. कापूस लावायचाच नाही. तरी ‘हो’ आलं, तर समजा, त्याला काही कळत नाहीये.”

वर्ग हसला.

माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. मी ते वाक्य उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

बाबांना कापूस कळत नव्हता. त्यांना खुर्ची ऐकू येत होती.

माझी जोडीदार होती पोपट. पुस्तक जसंच्या तसं पाठ म्हणून दाखवते, म्हणून पोपट. तिनं मला टेबलावर झोपवलं आणि मोजे काढायला लावले. “डोळे मीट. कापूस लागला की ‘हो’ म्हण.”

मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं. मग ते हसू बंद झालं. पंखाही ऐकू येईना.

आणि...

कर्रर्र.

डाव्या पायाच्या अंगठ्यावर कापूस टेकला.

“हो,” मी म्हणाले.

कर्रर्र. आता पावलावर. “हो.”

कर्रर्र. घोट्यावर. “हो.”

“ए बाई, काय हो-हो लावलंयस?” पोपटचा आवाज लांबून आला. “मी अजून कापूसच घेतेय इथं!”

मी डोळे उघडले. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटापाशी होती. माझ्या पायाशी कुणी नव्हतं.

लॅबमध्ये एकही खुर्ची नाही. लोखंडी स्टुलं आहेत, खाली रबर लावलेली. ती वाजत नाहीत.

मॅडमनी स्वतः माझी तपासणी केली. मधेच फसवूनही पाहिलं. माझं एकही उत्तर चुकलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच त्यांची जीभ मऊ लागली. “पाय ठणठणीत आहेत तुझे. घरी जा, झोप काढ.”

मी घरी गेले. आई मशीनवर होती, स्टुलावर बसून. बाबांच्या खुर्चीत तिला बसवत नव्हतं. खुर्ची आतल्या खोलीत पलंगाशेजारी तशीच होती.

“दुपारची येऊन जातेस का गं मधेच?” आईनं दोरा ओवता ओवता विचारलं.

“नाही. का?”

“मग खुर्चीत कोण बसतं?”

तिनं मशीन सुरू केलं, आणि त्या आवाजात बाकी सगळं बुडून गेलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी आत गेले आणि पलंगावर बाबांच्या जागी आडवी झाले. माझं डोकं ठिकाणावर होतं का? माहीत नाही. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती.

डोळे मिटले.

बराच वेळ काहीच नाही. बाहेरच्या खोलीत मशीन चालू, बंद, चालू.

मग...

कर्रर्र.

अंगठ्यावर कापूस.

“हो, बाबा.”

तुम्ही विचाराल, पळून का नाही गेलीस? कारण कित्येक दिवसांत मला कळलेली ती एकच गोष्ट होती. चहा कळत नव्हता, भूक कळत नव्हती. कापूस कळत होता. मग जमेल त्या दुपारी मी आत जायला लागले. दर वेळी तेच. अंगठा, पाऊल, घोटा. त्यांचा हात हलका होता. काजं करतानाही तसाच असायचा.

मग एक दिवस खुर्ची वाजली... आणि काहीच लागलं नाही.

मी थांबले.

पुन्हा कर्रर्र. काही नाही.

मला वाटलं, बाबा मला फसवून बघतायत. मॅडमनी शिकवलं होतं तसं. अशा वेळी खरं उत्तर म्हणजे गप्प राहायचं. मी गप्प राहिले. मनात थोडं हसूही आलं.

पण माझ्या डोक्यात एक विचार आला. हा फसवायचा प्रकार बाबांना माहीत कसा? मी तर त्यांना कधी असं फसवलं नव्हतं.

मी डोळे उघडले.

खुर्ची रिकामी होती. आणि माझ्या डाव्या पावलावर कापसाचा बोळा होता. बाबांच्या वेळचा कापूस अजून खिडकीत पडलेला होता, त्यातलाच. पावलावर व्यवस्थित टेकवलेला.

मला तो लागतच नव्हता.

मी बोळा उचलून फेकून दिला, मोजे चढवले आणि कुणाला काही सांगितलं नाही. थंडीनं मुंग्या आल्या असतील, म्हटलं. वाळूत तोंड खुपसायला काय, फार शिक्षण लागत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कॉलेजहून आले तेव्हा आई दुकानात एकटीच होती. तिनं मान वर केली, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मशीनवरचा तिचा हात थांबला.

“दुसरी चप्पल कुठंय?”

मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. टाचेत काच गेली होती. दारापासून माझ्यापर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके पडले होते.

मला दुखत नव्हतं.

या वेळी कुणी हसलं नाही. आईनं मला हाताला धरून आत नेलं, पलंगावर झोपवलं आणि काच काढून पाय बांधला. खिडकीतला कापूस घेतला. आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती त्या खुर्चीत बसली.

“डोळे मीट,” ती म्हणाली. “कापूस लागला की ‘हो’ म्हण.”

दारात उभं राहून राहून तिला ते वाक्य पाठ झालं होतं.

मी डोळे मिटले.

कर्रर्र.

काहीच लागलं नाही. पण एक गोष्ट ऐकू आली. आईचा श्वास. तो थांबला होता. पुढे वाकून, श्वास रोखून, ती माझ्या एका शब्दाची वाट पाहत होती.

तेव्हा मला बाबा समजले. पुन्हा हॉस्पिटल नको म्हणून ते खोटं बोलले, असं मी धरून चालले होते; तसं नव्हतं. मीही अशीच श्वास धरून बसायचे रोज, आणि त्यांना तो ऐकू यायचा. तो सुटावा म्हणून ते ‘हो’ म्हणायचे.

माझ्याही तोंडात ‘हो’ आलं. एवढासा शब्द. म्हटला की आईचा श्वास सुटणार होता.

मी ओठ उघडले...

आणि ओठांवर काहीतरी टेकलं.

गार. गोल. पत्र्याचं. त्यावरचे बारीक खड्डेसुद्धा मला कळले.

मी डोळे किलकिले केले. आईचा एक हात माझ्या घोट्यावर होता आणि दुसऱ्यात कापूस होता.

मी तशीच पडून राहिले. ते गार हळूहळू उचललं गेलं.

“नाही,” मी म्हणाले. “आई, मला नाही कळत.”

आणि मग मला रडू आलं. आत्या म्हणाली होती तसं मोकळं वगैरे काही वाटलं नाही. नुसतं येत राहिलं. आई रडली नाही. तिनं मशीनवरचा कपडा तसाच सोडला, दुकानाचं दार ओढलं आणि रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. बधिरपणा गुडघ्यापर्यंतच होता. तो आजार घरातल्या दुसऱ्याला होतो का, असं आईनं विचारलं. ते म्हणाले, सहसा नाही. मग मला का झाला? डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट केले आणि म्हणाले, सांगता येत नाही.

उपचार सुरू झाले तरी पाय काही काळ गेलेच; मला पुन्हा चालता यायला बरेच महिने लागले. आता मी कॉलेजला परत जाते. पोपट माझ्या पुढच्या वर्गात गेली आणि तिच्या वह्या मला देते. मला पेशंट तपासायला दिला की मी मधेच एकदा कापूस न लावता नुसती वाकते. चांगल्या माणसांची मला फार धास्ती वाटते.

पण एक गोष्ट अजून सुटत नाही. माझे पाय ठणठणीत होते. मॅडमनी स्वतः तपासले होते. खुर्ची वाजायला लागली ती त्याच दिवशी, आणि पाय गेले ते नंतर. बाबा मला सावध करायला आले होते, की आजार त्यांच्याबरोबरच आला होता? मी आईला हे विचारलेलं नाही. तिनंही मला काही विचारलेलं नाही. खुर्ची मात्र तिनं मोडीत दिली.

डाव्या पावलावर बोराएवढी जागा अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, तेवढी राहील. आई दर रविवारी ती तपासते. स्टुलावर बसते, जे वाजत नाही.

“डोळे मीट. कापूस लागला की ‘हो’ म्हण.”

मी डोळे मिटते. आई कापूस लावते. मला काही कळत नाही.

“नाही,” मी म्हणते, खरं तेच.

“बरं,” आई म्हणते. उठते, कापूस खिडकीत ठेवते, बाहेर जाते. मशीन सुरू होतं.

मी डोळे मिटूनच असते.

मग... कर्रर्र.

आणि त्याच जागेवर, त्या बोराएवढ्या जागेवर, मला कळतं.

मी काही बोलत नाही.