पिळाच्या मनोऱ्यावरचा टोला

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. पोटच्या पोराच्या जिवाबाबत मी थापा मारत नाही.

त्याच्या पणज्याने घंटाघरं बांधली, आज्याने गिरण्यांच्या चिमण्या, बापाने पाण्याच्या टाक्या. माझा धाकटा दूरसंचाराच्या मनोऱ्यावर चढतो.

ओली चादर पिळून उभी करावी, तसा तो पांढरा काँक्रीटचा मनोरा. लोक लांबून फोटो काढतात. चढणाऱ्याला मात्र त्या पिळापायी ना वरचं दिसतं, ना खालचं. म्हणून जोडीदार शिडीच्या पाईपावर टोले देतात. दोन टोले म्हणजे चालू दे. एक टोला म्हणजे जागच्या जागी थांब.

आज उन्हं कलताना ढग खाली उतरले. राबून राबून धाकट्याचे खांदे भरून आले होते. टोकाचा दिवा बदलून तो उतरू लागला. एक पाय खाली सोडला...

ठण्ण.

एकच टोला. मागोमाग पाईपावरून नख ओढल्याचा खरखराट...

"आता काय काढलंस रे बुटक्या?" तो वैतागून खाली थांबलेल्या जोडीदारावर ओरडला.



पाय अधांतरी. हात बधिर. घरी जाऊन अंग टाकावं, एवढीच इच्छा. पण नियम तो नियम. तो थांबला.

मग त्याच्या लक्षात आलं... टोला वरून आला होता.

वर कोणीच नव्हतं.

ढग जरासा सरला. पायाखालची शिडी निखळून बाजूला लोंबकळत होती.

दोर बांधून तो कसाबसा खाली आला.

"टोला? मी नाही दिला, आईशप्पथ!" बुटका म्हणाला. "मला वाटलं, तू वरच बिऱ्हाड थाटलंस."

रात्री ताटावर बसून धाकट्याने सगळं सांगितलं. नख कसं ओढलं, ते टेबलावर करून दाखवलं.

माझ्या हातातला डाव निसटला.

तसं एकच माणूस करायचा. ह्यांचा जोडीदार. तो टाकीवरून कोसळत असताना ह्यांनी त्याला मनगटाला धरून वर खेचलं होतं. पुढे दर भेटीत म्हणायचा, "वहिनी, या घराचा एक जीव देणं लागतो मी. फेडल्याशिवाय सुटका नाही."

तो जाऊन कैक वर्षं झाली.

"फिटलं हो भाऊजी," मी भिंतीकडे बघत म्हटलं. "सगळं फिटलं."

उद्या धाकटा पुन्हा चढणार आहे.

आणि आमचं देणं लागणारं आता वर कोणीच नाही...