कोमट राख

इस्त्रीचा सदरा आधारनानांनी सकाळपासून तीनदा अंगात घातला आणि तीनदा काढून खुंटीला अडकवला... बोलावणे आले होते ते पुतणीचे, भावाचे नव्हे! "नाना, पप्पांचा सत्कार आहे, तुम्ही यायलाच हवं," असे मेघा फोनवर रडवेल्या स्वरात म्हणाली होती. अखेर नाना निघाले. धुळ्याच्या त्या दोन खोल्यांत "येतो" म्हणावे असे कोणीच नव्हते, म्हणून नुसतेच कुलूप लावून निघाले.

जळगावच्या विद्यापीठाचे सभागृह तुडुंब भरले होते. नाना शेवटच्या रांगेत बसले. ज्याच्या शिक्षणापायी त्यांनी स्वतःचे कॉलेज सोडले, लग्न टाळले आणि छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवीत तारुण्य वेचले, तो धाकटा भाऊ युवराज आज थोर कादंबरीकार म्हणून व्यासपीठावर होता, आणि बावीस वर्षांत त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता! अपराध एवढाच, की त्याच्या पहिल्या कादंबरीची जुळणी करताना, आईच्या मृत्यूवरचा तीन पानांचा विलाप गाळून नानांनी तिथे स्वतःचे एकच वाक्य घातले होते. पुस्तक छापून हाती पडताच "खिळे जुळवणाऱ्यानं लेखणीला हात लावू नये!" असे ओरडून युवराज घराबाहेर पडला, तो कायमचाच.

नाना मात्र अजूनही मनोमन वाद घालीत: आई गेली तेव्हा तो पुण्यात परीक्षेला होता, घरात होतो तो मी! जे पाहिलेच नाही, त्यावर तीन पाने कशी लिहावीत?

मानपत्र वाचणाऱ्या प्राध्यापिकेचा स्वर एकाएकी गंभीर झाला. "ज्या एका वाक्याने या लेखकाला अढळ स्थान दिले, ते असे: 'माय गेली, चुलीतली राख मात्र दुसऱ्या दिवशीही कोमट होती.'"

टाळ्यांचा कडकडाट! नानांनी मान खाली घातली... आताही तो गप्पच राहील!

युवराज उठला. "हे वाक्य माझं नाही," तो म्हणाला, "माझ्या थोरल्या भावाचं आहे. बावीस वर्षं मी या वाक्याची वाहवा ऐकत आलो... आणि गप्प राहिलो!"

शाल हातात घेऊन तो पायऱ्या उतरला आणि थेट शेवटच्या रांगेशी आला.

"भाऊ, आठे मांगे काब्र बठना तू?" इथे मागे का बसलास, हे त्याने घरच्या अहिराणीतच विचारले.

"मांगेच बरा शे मी." नानांचे डोळे भरून आले, पण वादाची खोड काही सुटेना. "पन त्या तीन पानं वाईटच व्हतात!"

युवराज रडता रडता हसला, आणि त्यांच्या पायाशी बसून हलकेच म्हणाला, "भाऊ... ती राख खरंच कोमट व्हती का रे?"

बावीस वर्षांत हे त्यांना कोणीही विचारले नव्हते. नाना आपल्या उजव्या तळव्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

"व्हती. हात घालीसन देखं व्हतं मी... एकलाच."