सहा नंबरची खिडकी

दार उघडलं आणि माझी दातखीळच बसली.

समोर टेबलावर दातांच्या कवळ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. दार उघडणाऱ्याच्या हातातही एक होती, नुसती वरची.

"घाबरू नका, चावत नाहीत," तो म्हणाला. "निदान मालक येईपर्यंत."

दंतवैद्यांसाठी घरबसल्या कवळ्या बनवायचं त्याचं काम. मी मात्र त्याच्याशी भांडायला आले होते, आणि भांडण सोमवारी सकाळीच उरकायचं असं घरून ठरवून निघाले होते.

या जुन्या आठ घरांच्या इमारतीवर माझं संशोधन चालू होतं. आम्ही भिंतींना आतून अस्तर लावलं, तीन काचांच्या खिडक्या बसवल्या, धूर ओकणारा बॉयलर काढून अंगणात बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणारा हीट पंप बसवला. निम्म्या ऊर्जेत घरं उबदार राहावीत, भिंती कोरड्या राहाव्यात, माणसांनी चांगल्या हवेत श्वास घ्यावा, एवढंच मागणं होतं. सात घरं शहाण्यासारखी वागली. सहा नंबर मात्र हट्टाला पेटलेलं! रोज दहा वाजून दहा मिनिटांनी तिथलं तापमान धपकन खाली यायचं, ते वीस मिनिटांनी पुन्हा चढायचं. शुक्रवारच्या अहवालात याचं कारण देता आलं नाही, तर पुढच्या चार इमारतींचं काम रद्द होणार होतं. त्यातल्या तिसऱ्या इमारतीत माझी आई राहते. तिच्या कपाटामागे काळी बुरशी आहे आणि छातीत खोकला. इमारतींची यादी नगरपालिकेची होती, पण आई माझी होती.

"तुम्ही रोज दहा-दहाला खिडकी उघडता," मी म्हणाले.

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला... कोणी सांगितलं?"

मी भिंतीवरच्या, तापमान नोंदवणाऱ्या छोट्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवलं.

"चहाडखोर मेली," तो डबीला म्हणाला.

"जुन्या खिडक्या होत्या तेव्हा तुम्ही कधी उघडत नव्हता. आता का?"

"वास येतो ना... कवळीच्या रसायनाचा."

मला हायसं वाटलं. एक पंखा लावला की मिटलं! मी लिहूनही घेतलं. तेवढ्यात त्याने चहाचा कप पुढे केला आणि अगदी सहज, घरातल्या माणसासारखं विचारलं,

"आईंचा खोकला कसाय आता?"

कप माझ्या ओठांपाशीच थांबला.

या माणसाशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. आईच्या खोकल्याचं ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, आमच्या मॅडमनासुद्धा नाही. मी फक्त एकालाच सांगितलं होतं...

मी उठून खिडकीशी गेले. खाली, अगदी बरोबर खाली, अंगणातली मीटरची पेटी!

त्या पेटीचं झाकण रोज अडकतं. दीड वर्ष मी रोज दहा-दहाला तिथे उभी राहून झाकणाशी झटापट करते, आकडे उतरवते आणि... बोलते. "उघड की घोड्या, तुझं काय घोडं मारलंय मी?" इथून सुरुवात व्हायची. मग मॅडमची बोलणी. आईचा खोकला. आणि एकदा, तिशी आली तरी आपली वाट बघणारं कोणी नाही, हेही. अंगणात चिटपाखरू नसायचं, म्हणून मी मन मोकळं करायची. धरणीने दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"चोरून ऐकत होतात?"

"पहिल्या दिवशी वाटलं, खाली भांडण लागलंय. सोडवायला म्हणून खिडकीशी आलो, तर खाली तुमच्यासमोर नुसती पेटी!" तो कवळ्यांकडे बघत म्हणाला. "सांगणार होतो... पण मग तुम्ही बोलायचंच बंद केलं असतं. आधी फटींतून ऐकू यायचं. मग तुम्ही या खिडक्या बसवल्या. इतकं चोख काम केलंत की खालचं अक्षर वर येईना. मग मी काय करणार?"

मी चहा तसाच टाकून जिना उतरले. राग आला होता, लाज वाटत होती. आणखीही काहीतरी वाटत होतं, पण त्या वाटण्याकडे मी बघितलं नाही.

मंगळवारपासून मीटर बघायला मी सहकाऱ्याला पाठवलं. मंगळवारी तापमान दोनच मिनिटं उतरलं. उघडून बघितलं असणार, कोण आलंय ते. बुधवारी, गुरुवारी आलेखावरची रेष सरळ. चार महिने मी जिच्यासाठी देव पाण्यात घातले होते, तीच सरळ, देखणी रेष! मी तिच्याकडे बघत बसले आणि माझे डोळे भरून आले. दहा-दहाला त्या घरात आता कोणी कोणाची वाट बघत नव्हतं.

शुक्रवारी अहवालात मी खरं ते लिहिलं. कारण : मीटर बघायला येणाऱ्या व्यक्तीचं बोलणं ऐकण्यासाठी रहिवासी खिडकी उघडतात. उपाय : पेटीला तार जोडून आकडे थेट ऑफिसात आणावेत, व्यक्तीने जाऊ नये.

मॅडमनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "ही व्यक्ती म्हणजे तूच ना गं?"

"हो."

"टिपणात रसायनाचा वास लिहिलायस. तोच कारण म्हणून देऊन सुटली असतीस."

"यादीतल्या तिसऱ्या इमारतीत माझी आई बुरशीच्या भिंतीशी झोपते, मॅडम. तिथलं काम खोट्यावर कसं उभं करू?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि अहवालावर सही केली. पंधरा दिवसांनी चारही इमारती मंजूर झाल्या. पेटीला तार जोडली गेली. आता मला त्या अंगणात काडीचंही काम उरलं नव्हतं.

म्हणूनच मी गेले. दहा-दहाला. पेटीसमोर उभी राहिले, पण घोड्याला काय सांगावं ते सुचेना. इतक्यात वर कडी वाजली.

"बंद करा ती खिडकी!" मी ओरडले. "माझी रेष बिघडतेय!"

"मग ऐकू कसं येणार?"

"वर येऊन सांगते..."

हे मी बोलले? मी? पाय मात्र जिन्यावर पोचलेसुद्धा होते.

पुढच्या सोमवारी मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर सहा नंबर होतं. तापमानाची रेष दोऱ्यासारखी सरळ. पण तिच्याखालची दुसरी रेष, खोलीत माणसांनी सोडलेल्या श्वासाची, रोज दहा-दहापासून चढत गेलेली! त्या डबीला हेही मोजता येतं. मीच ती निवडली होती, मीच बसवली होती, आणि मीच साफ विसरले होते.

"एकट्या माणसाचा श्वास एवढा नसतो," मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "दुसरं कोण आहे तिथे? कारण लिहून दे. खरं."

मी जागेवर येऊन बसले. कारणाच्या रकान्यात एकच अक्षर लिहिलं : मी.

उपायाचा रकाना कोराच ठेवला.