तिसऱ्यांदा

घाबरू नका, चहा घ्या. गोष्ट अंधारातली नाही, सकाळी सातची आहे, निलंग्यातल्या माझ्या याच खोलीतली.

आम्ही हौशी रेडिओवाले. सरकार परवान्याबरोबर प्रत्येकाला अक्षरांचं एक सांकेतिक नाव देतं. हवेत तेवढीच ओळख, आणि ऐकण्यात चूक नको म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द बोलायचा: के म्हणजे किलो, आर म्हणजे रोमिओ. रोज सकाळी मी ती नावं पुकारून सगळ्यांची हजेरी घेतो. उमरीच्या रेणुकादासकाकांचं नाव होतं किलो रोमिओ डेल्टा. "सत्तरीत रोमिओ म्हणवून घेतंय म्हातारं," असं कुसुमकाकू चिडवायच्या. पुकारणारा मीच, म्हणून स्वतःचं नाव घ्यायला हमखास विसरायचो. मग शेवटी काकाच खाकरून विचारायचे, "किलो टँगो झुलू, हाय का न्हाई?"

गेल्या महिन्यात काका गेले. फार रडलो मी. आमच्यात रीत आहे: गेलेल्याचं नाव तीनदा पुकारायचं, उत्तर आलं नाही की हजेरीच्या वहीतून कायमचं खोडायचं. तेराव्या दिवशी पुकारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नुसती खरखर. मी पेन उचललं आणि...

कोणीतरी खाकरलं.

"माझं खोड. पन तेरा दिवस तुझं कुनी घेतलंच न्हाई की, मुकुल. किलो टँगो झुलू..."

मी आवाजाचं बटण पिळून पाहिलं.

"किलो टँगो झुलू... दुसऱ्यांदा..."

वहीत पाहिलं. तेरा दिवस माझ्या नावापुढे खूणच नव्हती. तिसऱ्या हाकेलाही गप्प राहिलो तर कोणाचं नाव खोडलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. बटण दाबून मी "हजर! हजर!" असा ओरडलो, की शेजारच्या केवळाबाई लाटणं घेऊन धावत आल्या.

"हायस की!" काका खदखदून हसले. "उद्या घेतो परत."

लगेच काकूंना फोन लावला.

"सेट तर खोक्यात बांधून ठेवलाय," काकू म्हणाल्या. "अन् अँटेनाच्या तारेवर गोधडी वाळू घातलीय. का रं?"

"काही नाही," म्हणालो.

तेव्हापासून काका रोज येतात. खरं सांगतो, आता त्यांचा आवाज ऐकला की बरंच वाटतं. पहिल्या हाकेलाच मी हजर म्हणतो, ते हसतात, माझा दिवस सुरू होतो.

आज मात्र हसले नाहीत. सेट लावला, तर खाकरून थेट म्हणाले, "किलो टँगो झुलू... तिसऱ्यांदा."

मी हजर म्हणालो हो, लगेच म्हणालो. पण पहिल्या दोन हाका कधी मारल्या, मला ऐकूच आल्या नाहीत...

चहा तसाच राहिलाय तुमचा. माझा आवाज येतोय ना तुम्हाला?