सरकत्या कव्हरचा कॅल्क्युलेटर

सोपानभाऊंच्या मुलीला, पिंकीला, मुलगा झाला ते साल दोन हजार पंचवीस. बारसं जानेवारीत झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन लोणावळ्यात अनघाताईंच्या खोलीवर गेले, तर तिथे मळवलीचा विठ्ठल आधीच बसलेला होता.

अनघाताईंनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी दाव्यांची तपासणी केली होती. आता त्या लोकांची खाजगी कामं घेत. भाऊंची जीप पवनानगरच्या रस्त्यावर चाले. ताईंना कुठे जायचं असलं की भाऊ त्या दिवशीची पॅसेंजर सोडून देत.

भाऊंनी पुडा पुढे केला. विठ्ठलने पेढा घेतला नाही.

"आज नको, भाऊ. पोरीवर कॉपीची केस झालीय."

विठ्ठल बंगल्यांवर विजेची कामं करायचा. त्याची मुलगी चैताली सीएच्या मधल्या परीक्षेला बसली होती. तिसऱ्या पेपरला, प्रश्नपत्रिका वाटायच्या आधी, सगळ्यांचे कॅल्क्युलेटर कव्हर काढून तपासले. चैतालीच्या कॅल्क्युलेटरच्या पाठीवर कराचे दर आणि सूत्रं कोरलेली निघाली.

"तिनं कोरली नाहीत?" ताईंनी विचारलं.

"नाही म्हणते. मॅडम, जूनमध्ये घेतला तेव्हापासून तो तिच्या हातात आहे. दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला गेलो, दीक्षाभूमीला. तिथं जाता-येता गाडीतसुद्धा गणितं सोडवत होती. तिला कोरून काय ठेवायची गरज? सगळं पाठ आहे."

"केंद्रावर काय म्हणाले?"

"उद्या संध्याकाळपर्यंत त्यांचा अहवाल वर जाणार. एकदा गेला की दोन-तीन वर्षं परीक्षाच बंद. परवा चौथा पेपर आहे. ती जेवत नाही, मॅडम."

ताई उठल्या.

जीपमध्ये बसताना त्यांचं बोट मीटरच्या कडेला लागलं.

"पुसू नका ताई," भाऊ म्हणाले, "दसऱ्याचं हाय."

"नाही पुसत. चला."

केंद्र एका कॉलेजात होतं. केंद्रप्रमुख सरळ माणूस होता, पण घाबरलेला. त्याने पाकीट उघडलं आणि कॅल्क्युलेटर टेबलावर कागदावर ठेवला.

"हात लावू नका. बघा फक्त."

बारा आकड्यांचा, करड्या रंगाचा साधा कॅल्क्युलेटर. त्याला कडक प्लॅस्टिकचं सरकतं कव्हर. वापरायचा नसला की कव्हर बटणांवर, वापरायचा असला की तेच मागे सरकवायचं. कव्हरवर सेलोटेपखाली चैतालीचं नाव आणि बैठक क्रमांक. केंद्रप्रमुखाने कव्हर काढलं. पाठीवर सुईने कोरलेले बारीक आकडे दिसले.

"पेनानं लिहिलं असतं तर थुंकी लावून पुसता आलं असतं," ताई म्हणाल्या. "हे नाही जायचं."

त्यांनी भिंगातून पुढची बाजू पाहिली. पडद्याच्या वर, चौकटीच्या खाचेत, लाल ठिपका होता. लालच्या खाली पिवळं.

"तिखट असंल," भाऊ खांद्यावरून म्हणाले. "वडापाव खाल्ला असंल पोरीनं."

"तुम्ही खाल्लाय का आज?"

"न्हाई. म्हणून तर आठवला."

चैताली बाहेर ओट्यावर बसली होती. रडून झालेलं होतं. ताईंनी विचारलं तेवढंच ती बोलली.

"आम्ही तिघं एकाच अभ्यासिकेत. मी, कोमल आणि गौरव. तिघांचे कॅल्क्युलेटर सारखे, एकाच दुकानातले. त्या दिवशी पाऊण वाजता आम्ही इथेच बसलो होतो. मी पाण्याची बाटली भरायला गेले. बाकीचं सामान इथेच होतं."

"किती वेळ?"

"नळावर रांग होती. दहा मिनिटं. आले तर सगळे आत निघालेच होते."

"कव्हर काढून तपासणार, हे तुला कधी कळलं?"

"वर्गात. काढायला सांगितलं तेव्हा."

"शिपाई गेटवर येऊन ओरडून सांगून गेला होता," मागोमाग आलेला केंद्रप्रमुख म्हणाला. "एक वाजायच्या जरा आधी."

"म्हणजे ही नळावर असताना," ताई म्हणाल्या.

अभ्यासिका बाजारात होती. ती प्रज्ञेश चालवायचा. वर्ष-दोन वर्षं स्वतः परीक्षा देऊन त्याने नाद सोडला होता. आता खुर्च्या भाड्याने द्यायचा.

"नावाच्या पट्ट्या मीच चिकटवल्या," तो म्हणाला. "तिघांचे सारखे, रोज भांडणं. म्हटलं, नावं टाका."

"कव्हरवरच का?"

"कव्हर सपाट असतं ना. पट्टी नीट बसते."

"परीक्षेच्या दिवशी तुम्ही गेटवर होता?"

"पिशव्या सांभाळायला. पण माझ्याकडे कॅल्क्युलेटर नाही, मॅडम. गेल्या वर्षीच विकला. तोंड बघायचं नव्हतं त्याचं."

गौरव तिथेच कोपऱ्यात वाचत होता. लोणावळ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराचा मुलगा. त्याने पुस्तक मिटलं नाही.

"मलाच विचारायला येणार, माहीत होतं. ती पहिली येते, मी दुसरा. म्हणजे मीच केलं."

"केलंस का?"

"नाही. पण वाईट वाटलं असंही सांगणार नाही."

"ये बाबा, जरा रीतीनं बोल," भाऊ म्हणाले.

"काका, तुम्ही कोण?"

"मी डायवर हाय."

"मग ठीक आहे." गौरवने कॅल्क्युलेटर काढून ताईंसमोर ठेवला. "बघा. जुना नोव्हेंबरमध्ये बादलीत पडला. हा डिसेंबरात घेतला. बिल दाखवू?"

ताईंनी कव्हर काढलं. पाठ कोरी, बटणं नवी, चौकट स्वच्छ. बिलही पाहिलं. तारीख डिसेंबरचीच होती.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "ह्योच. लय माजलंय."

"माजलाय खरा," ताई म्हणाल्या. "पवनानगर."

कोमलचं घर धरणाच्या बाजूला होतं. आई-बाप चाकणला कामाला. ती आजीपाशी राहायची. आजी सरूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"या बाई, बसा. सोपाना, तुला नातू झाला म्हनं. पेढं कुटं हायत?"

"गाडीत हायत, मावशी. देतो."

कोमल आतून आली. चैतालीचं नाव काढताच तिचे डोळे भरले. "ती असं करणार नाही," ती म्हणाली. "गौरवला विचारलंत का?"

"विचारलं. तुझा कॅल्क्युलेटर बघू."

कोमलने आणून दिला. कव्हरवर तिच्या नावाची पट्टी. ताईंनी कव्हर सरकवून पाठ पाहिली, चौकट पाहिली. कुठे काही नव्हतं.

"स्वच्छ ठेवतेस गं."

"कधी धुतलापण नाही. आहे तसा आहे."

"आन् का न ठिवंल," सरूबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला देवापुढं कोयता, इळा, फाळ मांडला, त्याच्या मांडीला पोरीचं ह्ये मशीन मांडलं. म्या सोताच्या हातानं हळदकुकू लावलं. म्हनलं, आमची हत्यारं ती, तुजं हत्यार ह्ये. तरी लय भ्येती बघा परीक्षेला."

ताईंनी कॅल्क्युलेटर परत दिला नाही. "हा उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या दहाला केंद्रावर ये, कोमल."

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखाच्या खोलीत सगळे होते: विठ्ठल, चैताली, गौरव, प्रज्ञेश, कोमल. कोमलसोबत सरूबाईही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

ताई उभ्या राहूनच बोलल्या.

"नाव कव्हरवर आहे, कॅल्क्युलेटरवर नाही. सगळ्यांनी नाव वाचलं आणि आतली वस्तू चैतालीची धरली. कव्हर काढून दुसऱ्यावर घालायला दोन क्षण लागतात."

"पण कशासाठी?" केंद्रप्रमुखाने विचारलं.

"ज्यानं कोरलं त्यानं स्वतःसाठी कोरलं. दोन पेपर कुणी कव्हर काढायला लावलं नाही, काम चाललं. तिसऱ्या दिवशी शिपाई ओरडून गेला. कोरलेलं पुसता येत नाही. परीक्षेत दुसऱ्याचा मागून घेता येत नाही. कॅल्क्युलेटरशिवाय तो पेपर सुटत नाही. समोर ओट्यावर तसाच एक पडलेला, आणि त्याची मालकीण नळावर. चैतालीवर डाव नव्हता. ती फक्त त्या वेळी तिथे नव्हती."

"मंग ह्यो पोरगा?" भाऊंनी गौरवकडे हनुवटी केली.

"या कॅल्क्युलेटरच्या चौकटीत खाली हळद आणि वर कुंकू आहे. तिखट असं थरानं बसत नाही, भाऊ. बोटानं लावलेलं आहे, तुमच्या मीटरवर आहे तसंच. म्हणजे याची दसऱ्याच्या सुमारास पूजा झाली. चैतालीचं घर बौद्ध, त्यांच्याकडे ही पूजा नाही. तिचा कॅल्क्युलेटर तर तेव्हा नागपूरच्या गाडीत होता. गौरवचा डिसेंबरात घेतलेला, त्यानं दसरा पाहिलाच नाही. प्रज्ञेशकडे बदलायला कॅल्क्युलेटरच नाही."

ताईंनी पिशवीतून कोमलचा कॅल्क्युलेटर काढला.

"याला आजींनी स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावलं. कोमल म्हणते, कधी धुतला नाही. मग ते गेलं कुठे?"

सरूबाईंनी पदर तोंडाला लावला.

कोमल खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तिचं नीट बघणारच नाहीत. ती पहिली येते. तिच्यावर कोण संशय घेईल? पेपर झाल्यावर परत बदलणार होते."

"मला पकडलं तेव्हा तू पलीकडच्या बाकावर होतीस," चैताली म्हणाली.

"हो."

"काल मला फोन करून जेव म्हणालीस."

केंद्रप्रमुखाने कोमलकडून लेखी घेतलं. चैतालीवरचा अहवाल त्याने सगळ्यांसमोर रद्द केला आणि चौथ्या पेपरला बसायला सांगितलं. तिसरा पेपर गेला तो गेलाच. विठ्ठलने ताईंना हात जोडले.

बाहेर पायऱ्यांवर सरूबाई थांबल्या.

"बाई, म्या बोलले नसते तर?"

"तर मला वेळ लागला असता, मावशी. आणि तोवर या मुलीचा अहवाल गेला असता."

सरूबाईंनी चैतालीकडे पाहिलं. "तू जेवलीस का गं?" एवढंच विचारलं, आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. कोमल मागच्या सीटवर होती.

कोमलला तीन वर्षं परीक्षा बंद झाली. ती चाकणला आईबापांकडे गेली. चैताली तिसऱ्या पेपराचा अख्खा गट द्यायला मे महिन्यात परत बसली आणि पास झाली. निकाल लागला त्या आठवड्यात ती पवनानगरला गेली होती. सरूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या, पण त्यांनी तिला ओळखलं.

सरूबाई नऊ जुलै दोन हजार पंचवीस रोजी, बुधवारी सकाळी, पवनानगरला राहत्या घरी वारल्या.