थंड हातांचा माणूस

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी टिल्लू म्हणाला, "तू लिही, नाहीतर मी सांगेन सगळ्यांना. आणि मी मीठमसाला लावून सांगेन." टिल्लू म्हणजे माझा रूममेट. नावाने टिल्लू, उंची दाराच्या चौकटीला लागणारी.

तर मी फ्रिज-कूलर दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. मध्येच छातीत धडधडायला लागायचं... बसल्या जागी! जसं काही मागे कुत्रं लागलंय. टिल्लूने ओढत दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही. रोज सकाळी ही गोळी. फक्त मनाने बंद करायची नाही."

धडधड थांबली. बाकीचं सुरू झालं! पटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. जिना चढताना पाय शिशाचे. स्वप्नं तर विचारूच नका, एकदा मी फ्रिजच्या आत संसार थाटला होता. आणि हात... बर्फ! टिल्लूच्या मानेला लावला की तो किंचाळायचा, "अरे, जिवंत आहेस ना?" डॉक्टरीण बाई म्हणाल्या, शरीराला सवय होऊ द्या.

अशात एका बेकरीतून फोन आला. क्रीमचा कूलर बंद पडलाय.

आत गेलो तर ती. केकवर गुलाब काढत होती. ओव्हनची धग एवढी की क्रीम तिच्या हातातच वितळत होतं. गुलाबाचा कोबी झाला होता.

"हसू नका," ती वर न बघताच म्हणाली.

"हसलो नाही."

"मनात हसलात. कूलर कधी चालू होणार?"

"पार्ट आणावा लागेल... उद्या."

"उद्या? हा तीन मजली केक संध्याकाळी जायचाय! मालक मला ओव्हनमध्ये घालतील!" तिने क्रीमची पिशवी माझ्या हातात कोंबली. "धरा जरा, मी बर्फ बघते."

बर्फ संपला होता. ती परत आली, पिशवी चाचपली आणि थबकली. "हे वितळलं कसं नाही?" मग सरळ माझा हातच धरला. "अहो! हात आहे की फ्रीझर?"

"गोळीमुळे... साइड इफेक्ट."

"काय गोड साइड इफेक्ट आहे हो! या इकडे. आता गुलाब तुम्ही काढायचे."

"मी?"

"मी सांगते ना. दाबा... फिरवा... आता सोडा. सोडा म्हटलं!"

तिचं बोट माझ्या मनगटावर. कपाळावर पीठ. पहिला गुलाब भजीसारखा आला, दुसरा बरा आला, तिसऱ्याला ती म्हणाली, "अय्या!" बस्स. त्या एका 'अय्या'वर मी अख्खा केक भरून टाकला.

कूलर दुसऱ्या दिवशी चालू झाला. माझं जाणं काही बंद झालं नाही. कधी गॅस चेक, कधी वायर ढिली. शेवटी तीच म्हणाली, "चांगल्या कूलरला किती तपासाल? सरळ सांगा ना, गुलाब शिकायचेत."

पण एक घोळ होता. तिला बघून माझं काळीज ढिम्म! घड्याळासारखं शांत. टिल्लूला विचारलं, "प्रेमात धडधडतं ना रे?"

"धडधडायलाच पाहिजे. नसेल तर तुला ती नाही, क्रीम आवडतंय."

डोक्यात किडाच घुसला. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बघूच म्हटलं.

आणि बेकरीत पाय ठेवला तर... धडधड! कानात, गळ्यात, बोटांच्या टोकांपर्यंत! मी इतका खूश! प्रेमच हे, पक्कं! ऐटीत पिशवी उचलली, गुलाब काढायला गेलो... आणि क्रीम बोटांतून ओघळलं.

ती थांबली. माझा हात हातात घेतला. चेहरा उतरला तिचा.

"गरम आहे." मग माझ्याकडे बघत, "गोळी नाही घेतलीस?"

पहिल्यांदाच अरे-तुरे. खोटं बोलताच येईना. सगळं ओकलो.

"मग?" तिने विचारलं. "धडधडतंय?"

"खूप!"

"वेड्या, खाली बस आधी!" मला पिठाच्या पोत्यावर बसवलं. "गोळी सोडलीस म्हणून धडधडतंय. आत्ता तू त्या ओव्हनकडे बघितलंस तरी धडधडेल! गोळी घेत होतास तेव्हा काय वाटायचं, ते सांग."

"तेव्हा... काहीच नाही. शांत. फक्त इथून घरी जावंसं वाटायचं नाही."

ती माझ्या बोटांवरचं क्रीम ॲप्रनला पुसत राहिली, पुसून झालं तरी.

"एवढं पुरत होतं की मला," ती हळूच म्हणाली. "मी कूलरची वायर मुद्दाम ढिली करत होते... कशाला वाटलं तुला?"

मग माझ्याच फोनवरून तिने टिल्लूला बोलावून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी मला झापलं, गोळी परत सुरू केली. बाहेर टिल्लू डोकं धरून बसला होता. मग म्हणाला, "क्रीमचं मी गमतीत बोललो होतो रे... वहिनी रडत होती फोनवर."

आता हात परत गार पडलेत. काल तिने ते दोन्ही आपल्या गालांवर ठेवून घेतले, ओव्हनसमोर.

तर टिल्लू, हे वाचतोयस ना? तुला शब्द देतो. रोज सकाळी गोळी घेईन, तुझ्यासमोर. आणि गार हात तुझ्या मानेला लावणं बंद. ते हात आता बुक झालेत.